लोणार कुठल्या बाजूला?

"लोणार दिसेल का गं वाटेत?" आत्यानं फोनवर विचारलं.

डिसेंबरात नागपूरला घरचं लग्न होतं. रात्रभराचा रेल्वेप्रवास तिला आता झेपत नाही, म्हणून माझ्या आतेभावानं तिचं विमानाचं तिकीट काढलं आणि सोबत म्हणून माझं. ७४ व्या वर्षी आत्या पहिल्यांदा विमानात बसणार होती. घरातल्या प्रत्येकानं तिला काही ना काही सांगून ठेवलं होतं: कानात कापूस घाल, लिमलेटची गोळी चघळ, शाल जवळ ठेव. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि मला फोन करून हा एकच प्रश्न विचारला.

आत्या मेहकरच्या शाळेत भूगोल शिकवायची. निवृत्तीनंतर ती मुलाकडे डोंबिवलीला आली, पण बोलताना अजूनही "आमच्या मेहकरला" असंच सुरू करते. मेहकरहून लोणार एसटीनं तासाभराच्या आत. दर हिवाळ्यात आठवीची सहल तिथं जायची आणि त्या सहलीची बाई ठरलेली असायची. डबे, पाण्याच्या बाटल्या, दैत्यसूदनाचं देऊळ, लवणासुराची गोष्ट, मग काठावर उभं राहून धडा. बेसॉल्टच्या खडकात उल्का आदळून झालेलं विवर, जवळपास १.८ किलोमीटर व्यासाचं, आत खाऱ्या पाण्याचं तळं. मी दिवाळीच्या सुट्टीत मेहकरला असले की तिच्या सहलीच्या गोष्टी रात्री जेवताना ऐकायचे. एका मुलानं तिला विचारलं होतं, "बाई, हे गोल आहे ते कशावरून?" प्रश्न चांगलाच होता. काठावरून खाली हिरवट पाणी दिसतं, उतारावरची झाडी दिसते, आणि पलीकडचा काठ एखाद्या बुटक्या डोंगररांगेसारखा आडवा पडलेला दिसतो. हे सगळं मिळून वर्तुळ होतं, हे तिला परत येऊन फळ्यावर काढून दाखवावं लागलं. त्याच मुलाचा पुढचा प्रश्न होता, "तुम्ही वरून पाहिलंय का?" तिनं खरं ते सांगितलं. नाही.

म्हणून तिचा फोन आला तेव्हा मी हातातलं काम बाजूला ठेवलं आणि नकाशा उघडला.

मुंबई आणि नागपूर यांच्यामध्ये पट्टी ठेवली. रेषा थोडी वर चढत जाते, कारण नागपूर मुंबईपेक्षा दोन अंश उत्तरेला आहे. ती कल्याणच्या अंगानं, हरिश्चंद्रगडावरून, छत्रपती संभाजीनगरजवळून पुढं बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिण भागातून जाते. लोणार त्या रेषेच्या खाली, म्हणजे दक्षिणेला, साधारण ३० किलोमीटरवर येतं. आपण पूर्वेकडे तोंड करून उडणार, म्हणजे दक्षिण उजव्या हाताला. तीन-तीन सीटांच्या विमानात तोंड पुढं करून बसलं की ए ही डावीकडची खिडकी आणि एफ ही उजवीकडची. मी आत्याला फोन केला. "उजवी बाजू. एफ."

"मी पण तेच काढलं होतं," ती म्हणाली. तिनं कपाटातला शालेय नकाशासंग्रह काढून स्वतः पट्टी लावून पाहिली होती. मला फक्त ताडून बघायला विचारलं होतं.

परीक्षेत नकाशाला उत्तर दिशेचा बाण काढला नसेल तर ती अर्धा गुण कापायची. बाकी नकाशा कितीही सुबक असो. मुलं रडवेली व्हायची, पालक भेटायला यायचे, ती ऐकायची नाही. ते मला लहानपणी फार कठोर वाटायचं. मोठेपणी मी दिल्लीहून गुवाहाटीला निघाले आणि तो अर्धा गुण माझाही गेला.

नोव्हेंबरातले दिवस होते, कामासाठी निघाले होते. खिडकी मिळाली म्हणून खूश होते; ती कुठल्या बाजूची हे पाहिलंही नव्हतं. उजवीकडची होती. दक्षिणेचं ऊन थेट डोळ्यांवर, खाली मैदानावर करड्या धुरक्याचा थर, त्यात ना नदी दिसे ना गाव. अर्ध्या तासात मी शटर ओढून घेतलं आणि कागद काढून वाचायला लागले. तास-सव्वा तास झाला असेल. डावीकडची माणसं एकेक करून खिडक्यांकडे वाकायला लागली. कुणीतरी म्हणालं, "एव्हरेस्ट, एव्हरेस्ट." पट्टे बांधायचा दिवा लागलेला होता, उठायची सोय नव्हती. माझ्या आणि त्या खिडकीच्या मध्ये पाच माणसं बसली होती. त्यांच्या खांद्यांमधून, डोक्यांमधून मला जे दिसलं ते हातरुमालाएवढं पांढरं काहीतरी होतं. ते ढग होतं की डोंगर, हेही मला सांगता येणार नाही.

मुक्कामी पोचल्यावर नकाशा पाहिला आणि स्वतःचा फार राग आला. विमान उत्तर बिहारवरून जातं. एव्हरेस्ट तिथून उत्तरेला १००-१२५ किलोमीटरवर आहे, फक्त. पूर्वेकडे तोंड केलं की उत्तर डावीकडे, हे चौथीतलं ज्ञान. हिमालयाच्या इतक्या जवळून मी अडीच तास गेले आणि कागद वाचत बसले.

परतीला मी उजवीकडची खिडकी पैसे भरून घेतली. दिशा उलटली की बाजूही उलटते. हे आता डोक्यात पक्कं होतं. गुवाहाटीहून निघून थोडा वेळ गेला आणि कांचनजंगा आला. मी "आला" म्हणते, कारण तसंच वाटलं: आधी क्षितिजावर ढगांची एक ओळ होती, आणि मग लक्षात आलं की त्या ओळीतला एक भाग हलतच नाही, त्याला कडा आहेत. रुंद, अनेक शिखरांचा, खांदे पसरून बसलेला. ८,५८६ मीटर. त्यानंतर मकालू, आणि त्याच्या डावीकडे ती जागा, जिच्यासाठी मी जातानाच्या प्रवासात मान मोडून बघत होते. दक्षिणेकडून बघताना एव्हरेस्ट सगळ्यात उंच वाटतच नाही. ल्होत्से आणि नुप्त्से यांची भिंत पुढं उभी असते आणि तिच्या मागून एक काळसर त्रिकोण वर डोकावत असतो. आजूबाजूची शिखरं पांढरी आणि हाच काळा, कारण तिथल्या वाऱ्यात उघड्या खडकावर बर्फ फारसं टिकत नाही. त्या टोकावरून उजवीकडे, म्हणजे पूर्वेला, बर्फाच्या भुकटीचा एक पट्टा वाहत होता. इतक्या लांबून तो हलताना दिसत नव्हता. पण तो होता, याचा अर्थ आत्ता, या क्षणी तिथं भयंकर वारा सुटलाय, हे कळत होतं. मी श्वास रोखून बघत होते. पुढं चो ओयू, गौरीशंकर, मग बराच वेळ नावं न कळणारी शिखरं, मग मनास्लू, अन्नपूर्णा, धौलागिरी. दिल्लीच्या धुरक्यात विमान उतरायला लागलं तेव्हा माझी मान आखडली होती.

त्या उत्तरेकडच्या खिडकीचा आणखी एक फायदा तेव्हा कळला. हिवाळ्यात आपल्याकडे सूर्य दिवसभर दक्षिणेच्या अंगानंच फिरतो. त्यामुळे उत्तरेकडे पाहणाऱ्याच्या पाठीशी ऊन असतं, डोळ्यांवर येत नाही, आणि समोरच्या हिमालयाची दक्षिणेची बाजू सकाळपासून संध्याकाळपर्यंत उजळलेली असते. दिल्लीहून लेहला जाताना याचंच दुसरं रूप भेटतं. लेहचं विमानतळ ३,२५६ मीटरवर, दुपारी दरीत वारे सुटतात म्हणून विमानं बहुतेक सकाळीच जातात, आणि विमान उत्तरेकडे तोंड करून असल्यामुळे ऊन उजवीकडून येतं. मी तिथं डावी घेतली होती. नुन आणि कुन ही जोडी त्या बाजूला असते, एक टोकदार आणि एक बर्फानं गोलसर झालेलं, आणि त्या स्वच्छ उजेडात त्यांच्यावरच्या हिमनद्यांच्या भेगासुद्धा मोजता येतात.

बाजू ठरली की पंख आडवा येतो. नेहमीच्या विमानांत पंख खिडक्यांच्या खाली असतो आणि मधल्या दहा-बारा रांगांमधून खाली पाहिलं तर पत्राच दिसतो. क्षितिज दिसतं, आकाश दिसतं. जमीन बघायची असेल तर त्या रांगा टाळाव्यात. मागच्या रांगांमधून जमीन दिसते, पण इंजिनातून सुटलेली गरम हवा मध्ये येते. उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर हवा थरथरताना दिसते ना, तशा थरथरीतून डोंगर बघावे लागतात. म्हणून शक्य असेल तर पंखाच्या पुढच्या रांगा. त्यांना पैसे जास्त पडतात. मी ते भरते. हॉटेलात एक वेळचं जेवण कमी करते, पण ते भरते. छोट्या गावांना जाणारं पंख्याचं एटीआर असेल तर ही चिंताच नाही, त्याचा पंख डोक्यावर असतो.

एवढं करूनही एक दगा राहतोच. खिडक्या विमानाच्या सांगाड्याच्या मापानं बसवलेल्या असतात आणि सीटांच्या रांगा कंपनी तिच्या हिशेबानं लावते, त्यामुळे दोन्हींचं जमेलच असं नाही. एकदा मी हौसेनं निवडलेल्या सीटवर जाऊन बसले तर खांद्याशी सलग भिंत. खिडकी एक वीतभर पुढं, एक वीतभर मागं. बोइंग ७३७ मध्ये डाव्या बाजूला पंखाच्या जरा पुढं एके ठिकाणी तर मुळात खिडकीच नसते. थंड हवेची नळी तिथल्या भिंतीतून वर जाते. अशा जागा तिकीट काढताना नकाशावर खिडकीच्याच म्हणून दाखवतात. म्हणून आता विमानाचा प्रकार पाहिल्याशिवाय मी रांग ठरवत नाही.

ऋतूचं मात्र कुणाच्याच हातात नसतं. पावसाळ्यात खाली सगळं झाकलेलं, मार्च-एप्रिल-मेमध्ये धूळ. महाराष्ट्र वरून बघायचा तर पाऊस नुकताच सरलेला असावा: धुतलेली हवा, भरलेली धरणं, हिरवी पठारं. पण पावसाळ्यातल्या खिडकीला मी नाव ठेवणार नाही, कारण माझ्या आयुष्यातली सगळ्यात सुंदर खिडकी सप्टेंबरातली आहे.

नागपूरहून परत येत होते, सकाळचे अकरा वाजले असतील. उजव्या खिडकीशी होते, ऊन पलीकडच्या बाजूनं येत होतं. खाली ढगांची सलग गादी. विमान उतरणीला लागलं आणि त्या गादीवर एक रंगीत कडं उमटलं. आत पिवळसर, बाहेर तांबूस, मग पुन्हा एक फिकट कडं. ते आमच्याबरोबर धावत होतं. ढग जवळ यायला लागले तसा कड्याच्या मधोमध एक ठिपका आला, ठिपक्याला पंख फुटले, आणि आमच्याच विमानाची सावली त्या वर्तुळात बसून पळायला लागली. इंद्रवज्र! गिर्यारोहक पावसाळ्यात हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर तासन् तास बसतात ते हे बघायला. पाठीशी ऊन, समोर खोल दरीत धुकं, आणि धुक्यावर स्वतःची सावली रंगीत वर्तुळात. ढगातल्या बारीक थेंबांनी प्रकाश आल्या वाटेनं मागं फेकला की ते दिसतं. त्यामुळे ते नेहमी सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला असतं, आणि वर्तुळाचं केंद्र जो बघतो त्याच्याच डोळ्यांच्या सावलीत पडतं. म्हणजे विमानातल्या प्रत्येकाचं इंद्रवज्र वेगळं. मी पंखाच्या पुढं बसले होते, तर माझं कडं सावलीच्या नाकाशी होतं. शेवटच्या रांगेतल्या माणसाचं शेपटीशी असणार. आम्ही तेव्हा सह्याद्रीच्या माथ्यावर होतो. खाली ढगांत हरिश्चंद्रगड असेलच. त्या कड्यावर मी दोनदा हे पाहायला गेले होते आणि दोन्ही वेळा नुसतं धुकं मिळालं होतं.

मग ढगात शिरलो आणि ते विझलं. आजूबाजूला पाहिलं तर बहुतेक शटरं बंद होती. मोबाइलवर उजेड पडतो म्हणून लोक शटर ओढतात. मला त्या क्षणी कुणाला तरी हलवून सांगावंसं वाटत होतं आणि शेजारी सगळे झोपले होते. सांगायला कुणी नसणं इतकं जड मला क्वचित वाटलंय.

आत्याच्या प्रवासात मात्र एक अडचण होती, आणि ती मी तिला आधीच सांगून टाकली. लोणार उजवीकडे, आणि डिसेंबरातल्या सकाळी सूर्यही उजवीकडेच, तोही खाली टेकलेला. "उन्हाच्या बाजूनं बघावं लागेल. कदाचित चमक इतकी असेल की काही दिसायचंच नाही." शिवाय विमानं काही पट्टी लावून सरळ उडत नाहीत, ठरलेल्या हवाई वाटांनी जातात; दहा-वीस किलोमीटर इकडचं तिकडं होऊ शकतं. आत्या म्हणाली, "सहलीला पण दोन वेळा पावसानं परत फिरलो होतो आम्ही."

मी रात्री बसून हिशेब केला. विमान दहा किलोमीटर उंचीवर, लोणार आडवं ३०-३२ किलोमीटरवर. म्हणजे ते पायाखाली दिसणार नाही, क्षितिजाच्या जरा खाली, तिरकं दिसेल. हात ताठ लांब करून अंगठा धरला तर साधारण त्याच्या रुंदीहून थोडं मोठं, आणि तिरपं असल्यामुळे चपटं, लंबगोल. खिडकीत ते चारेक मिनिटं राहील. निघाल्यापासून चाळीस-पंचेचाळीस मिनिटांनी. मी हे सगळं एका कागदावर लिहून घेतलं, कारण आत्या विचारणार हे मला माहीत होतं.

पहाटे चारला ती तयार होऊन बसली होती. नऊवारी नाही, साधी सुती साडी, पायात बूट, पर्समध्ये चष्म्याचा रुमाल. विमानात तिला खिडकीशी बसवलं, मी मधे. आमच्या शेजारी कडेला कॉलेजातला वाटावा असा एक मुलगा, कानात इअरफोन.

विमान समुद्रावर जाऊन वळलं. आत्या घाबरली नाही. तिनं कपाळ खिडकीला टेकवलं ते तसंच ठेवलं. खाडीची वळणं आली. "ही उल्हास," ती म्हणाली, मला विचारत नव्हती, सांगत होती. कोकणपट्टीवर धुक्याचा दुधी थर होता आणि सह्याद्रीचे माथे त्याच्यावर निघालेले, प्रत्येकाची लांब सावली पश्चिमेला पसरलेली. नाणेघाटाजवळचा नानाचा अंगठा मी तिला दाखवला. त्याच्या मागं जीवधन. घाटाची कड संपली आणि एकदम पठार लागलं. सपाट, तपकिरी, चौकोनी शेतांचं. "बघ," ती म्हणाली, "इथं लाव्हा थरावर थर साचलाय. वरून कसं कापल्यासारखं दिसतं." मग थोड्या वेळानं: "हे भोक कसलं गं?"

खिडकीच्या खालच्या बाजूला ते टाचणीच्या डोक्याएवढं भोक असतं. मी ते इतक्या वेळा पाहिलंय, पण तिच्यासारखं नाकाशी नेऊन नव्हतं पाहिलं. खिडकीला काचेसारखे तीन थर असतात. हवेचा दाब सगळ्यात बाहेरचा थर पेलतो. मधला त्याला राखीव. मधल्या थराला हे भोक पाडलेलं असतं, म्हणजे दोन्हींमधल्या पोकळीतला दाब आतल्या हवेइतका राहतो आणि दमटपणाही निघून जातो. बाहेर उणे चाळीस-पन्नास अंश. त्या भोकाभोवती बर्फाच्या काड्या उमटायला लागल्या होत्या. आधी दोन, मग त्यांना फाटे, फाट्यांना पुन्हा बारीक फाटे, आत्याच्या डोळ्यांसमोर वाढत चाललेले. उगवतीचं ऊन आडवं येऊन त्या काड्यांत अडकत होतं. ती ते बघत राहिली आणि मला काळजी वाटायला लागली की खालचं निसटेल.

"आत्या, नाथसागर."

उजवीकडे लांब पैठणच्या बाजूला जायकवाडीचं पाणी होतं. ते पाणी म्हणून दिसलंच नाही. वितळलेल्या चांदीसारखा एक मोठा तुकडा नुसता पेटला होता. उन्हाच्या बाजूनं बसल्याचा तोटा मी तिला सांगितला होता. फायदा माझ्याच लक्षात आला नव्हता. सूर्य आणि पाणी एका रेषेत आलं की पाणी आरसा होतं. त्यानंतर खाली खेळ सुरू झाला. शेततळी, विहिरी, पाझर तलाव, ओढ्यांतली डबकी, एकेक करून लखलखायची आणि विझायची. विमान पुढं जाईल तसा उजेड या तळ्यावरून त्या तळ्यावर उडी मारत होता. मराठवाड्यात एवढं पाणी जागोजागी जपून ठेवलेलं आहे, हे मी रस्त्यानं जाताना कधी पाहिलं नव्हतं. आत्या तोंडानं मोजत होती. मग तिनं मोजणं सोडलं.

घड्याळात आठ वाजून गेले होते. मी तिच्या खांद्यावरून पुढं झुकले. शेतं, शेतं, एक रस्ता, पुन्हा शेतं. उजव्या पुढच्या कोपऱ्यात काहीतरी चमकलं. एकदाच, तीव्र, एखाद्यानं आरसा दाखवावा तसं. शेततळ्याच्या मानानं फार मोठं होतं. मी काही बोलले नाही. विमान पुढं सरकलं, चमक मावळली, आणि तिच्या जागी एक मळकट हिरवा लंबगोल उरला. त्याच्याभोवती गडद झाडीचं कडं, झाडीच्या आतल्या एका बाजूला अजून रात्रीची सावली, आणि कड्याच्या बाहेर चहूकडे तपकिरी शेतं. त्या सगळ्या चौकोनांच्या पसाऱ्यात ती एकच गोष्ट गोल होती.

आत्यानं चष्मा काढला, रुमालानं पुसला, पुन्हा घातला.

"तेच," ती म्हणाली.

बराच वेळ ती गप्प होती. मी कागदावरचे माझे आकडे पाहिले आणि कागद मिटून ठेवला. मग तिनं काचेवर नख टेकवलं. "डाव्या अंगाला, आपल्या बाजूला, कड्याला खाच दिसते? झाडी बाहेर आलीय बघ." मला आधी दिसेना. मग दिसली: वर्तुळाच्या ईशान्येला कड्यात एक काळपट हिरवी चीर. "ती धार. तिथून पोरांना उतरवायचे मी. गोमुखाचं पाणी तिथं पडतं." तिची किती वर्षं त्या चिरेतून खालीवर झाली होती. दहा किलोमीटर उंचीवरून तिला ती शोधावी लागली नाही.

मग तिनं एक गोष्ट केली जी मी कधीच केली नव्हती. ती माझ्या पलीकडे वाकली आणि त्या मुलाच्या हाताला हात लावला. त्यानं दचकून इअरफोन काढले. "बाळा, इकडं ये. लवकर. लोणार बघ." आणि स्वतः पाठ सीटला घट्ट चिकटवून, डोकं मागं दाबून तिनं खिडकी मोकळी करून दिली. मीही आक्रसून बसले. मुलगा अर्धवट उठून आमच्या दोघींवरून वाकला. पट्टे बांधायचा दिवा नेमका बंद होता.

"ते गोल?"

"ते गोल. आकाशातून पडून झालंय ते."

"किती वर्षांपूर्वी?"

"मी शाळेत ५० हजार शिकवलं," आत्या म्हणाली. "नंतर खडकांची नवी तपासणी झाली. आता पाच लाख सत्तर हजार म्हणतात. माझ्या जुन्या पोरांना कुणी कळवलं असेल की नाही, देव जाणे."

"पिंक झालं होतं तेच ना? लॉकडाऊनमध्ये?"

"तेच. २०२० च्या जूनमध्ये. पाणी आटून खार वाढला की त्यात वाढणारे बारीक जीव असतात, त्यांचा रंग." ती त्याच्याकडे पाहून बोलत होती आणि मला दिसत होतं की तिचा आवाज बदललाय. मागच्या बाकापर्यंत पोचणारा तो आवाज मी पंधरा वर्षांत ऐकला नव्हता. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनीही शटर वर केलं.

तोवर लोणार खिडकीच्या मागच्या कडेला सरकलं होतं. मुलगा वाकून वाकून बघत होता. दिसेनासं झालं तेव्हा त्यानं विचारलं, "पण ते नेमकं कुठं होतं आपल्यापासून? म्हणजे मी परत गेलो कधी तर?"

आत्यानं पर्समधून पेन काढलं. माझ्या हातातला बोर्डिंग पास घेतला, समोरचं टेबल पाडलं आणि पासाची मागची कोरी बाजू वर केली. आधी तिनं वरच्या कोपऱ्यात एक बाण काढला आणि त्याच्या टोकाशी "उ" लिहिलं. मग मुंबईपासून नागपूरपर्यंत तिरकी रेषा. रेषेच्या खाली एक लहान वर्तुळ, वर्तुळाला ईशान्येला एक खाच. तो कागद तिनं त्याला दिला.

मुलानं तो खिडकीच्या दिशेनं धरला, डोकं तिरकं करून थोडा वेळ पाहिला, आणि मग हळूहळू फिरवत आणला. वर्तुळ खिडकीकडे गेलं आणि बाणाचं टोक त्याच्या स्वतःच्या छातीकडे आलं.

"आता बरोबर," आत्या म्हणाली. "तसाच धर."